हाका : बंदुकीच्या पुढं चालणाऱ्यांचा इतिहास

माझा आजा वाघाच्या शिकारीला जायचा.

हे वाक्य मी चौथीत असताना भर वर्गात उभं राहून बोललो होतो. गुरुजींनी विचारलं होतं, तुमच्या घरात कुणी पराक्रम केलाय का? कुणाचा पणजा लढाईत होता, कुणाच्या चुलत्यानं कुस्तीत गदा मिळवलेली. माझ्याकडं सांगायला एवढंच होतं. वर्ग गप्प झाला. मग मागच्या रांगेतनं एक आवाज आला, "बंदूक कुणाच्या हातात हुती रं?" आणि सगळी पोरं हसली. गुरुजीही हसले.

घरी आलो. आजा दारात वाखाची दोरी वळत बसला होता. त्याला विचारलं, "आज्या, शिकारीत बंदूक कुणाच्या हातात असायची?" हात न थांबवता तो म्हणाला, "सायबाच्या. न्हायतर इनामदाराच्या."

"आन् तुज्या?"

"माज्या हातात डबा. राकेलचा. आन् काठी."

मित्रांनो, त्या पोरानं मला हिणवायला विचारलं होतं. पण प्रश्न खरा होता. पुढं नोकरीत असताना ग्रंथालयात बसून मी शिकारीची पुस्तकं वाचली, ती या एका प्रश्नापायी. इंग्रज अंमलदारांनी आणि संस्थानिकांनी या विषयावर कपाटंच्या कपाटं भरून ठेवलीत. त्यात बंदुकीचं नाव आहे, तिची नळी किती तोंडाची ते आहे, गोळीचं वजन आहे. वाघ नाकापासून शेपटीपर्यंत किती इंच भरला ते आहे. तो दोन खुंट्यांमधनं सरळ मोजायचा की अंगावरनं टेप फिरवून, यावर पानंच्या पानं वाद आहे. आणि हाकेवाले? ते बहुतेक ठिकाणी नुसता आकडा. शंभर हाकेवाले, दोनशे हाकेवाले. त्या आकड्यातला एक माझा आजा. दुसरा त्याचा धाकटा भाऊ. आज त्या आकड्याविषयी बोलायचं आहे.

*

आधी बंदूक समजून घेऊ. जिच्यासाठी आपल्याला पुढं हाकललं गेलं, ती वस्तू नीट माहीत असली पाहिजे.

जुन्या काळी नळीचं तोंड इंचात मोजत नसत. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या किती गोल गोळ्या होतात, त्यावरून बोअर ठरे. बारा झाल्या तर बारा बोअर, चार झाल्या तर चार बोअर. म्हणजे आकडा लहान तशी नळी मोठी. चार बोअरची एक गोळी पाव पौंडाची, तोंड जवळजवळ एक इंच. सॅम्युएल बेकर नावाचा इंग्रज शिकारी सिलोनात आणि आफ्रिकेत फिरला. त्याच्याकडं अर्ध्या पौंडाचा गोळा टाकणारी बंदूक होती. तिचं लाडाचं नाव 'बेबी'. ती झाडली की झाडणाराच गरकन फिरायचा, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय.

एवढी मोठी नळी कशासाठी? कारण साधं आहे. काळ्या दारूचा जोर मर्यादित असतो आणि गोळी नुसत्या मऊ शिशाची. वेग वाढवता येत नाही म्हटल्यावर वजन वाढवायचं. हत्ती, गवा, गेंडा यांच्या जाड कातड्यातनं आणि हाडातनं आत जायचं तर दुसरा उपाय नव्हता. शिवाय बार काढला की धुराचा एवढा ढग व्हायचा की जनावर मेलं की अंगावर येतंय, ते दिसायचं नाही.

१८८९ साली इंग्लंडात कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू निघाली. १८९८ च्या सुमाराला लंडनच्या रिग्बी कंपनीनं तिच्यावर चालणारी .४५० ची 'नायट्रो एक्स्प्रेस' दुनळी रायफल काढली आणि शिकारीचा सगळा धंदा पालटला. मग .५७७ आली, .६०० आली. .५७७ ची गोळी सुमारे ४८ ग्रॅमची, तांब्यानिकेलच्या कवचातली, सेकंदाला दोन हजार फुटांहून जास्त वेगानं जाणारी. रायफलीचं वजन सहा किलोच्या आसपास. तुलनेला सांगतो, त्या काळच्या शिपायाच्या .३०३ ची गोळी ११ ग्रॅमच्या आसपास असायची. हत्तीसाठी, गव्यासाठी पूर्ण कवचाची गोळी, म्हणजे ती न फुटता आरपार घुसावी. वाघासाठी मऊ तोंडाची, म्हणजे ती आत गेल्यावर फुलासारखी उमलावी आणि मोठं भगदाड पाडावं. दोन नळ्या, दोन चाप. पहिला बार चुकला तर दुसरा लगेच. आणि साहेबाच्या मागं दुसरी भरलेली रायफल धरून एक माणूस उभा. साहेब पळाला तरी त्या माणसानं पळायचं नाही, असा रिवाज.

आता दुसरी बाजूही ऐका. वॉल्टर बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्यानं आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यातले बरेचसे ७ मिलिमीटरच्या लहान रायफलीनं. गोळी ११ ग्रॅमची, शिपायाच्या गोळीएवढीच. त्यानं हत्तीची कवटी उभी चिरून मेंदू कुठं असतो ते पाहून ठेवलं होतं. म्हणजे जनावराचं शरीर माहीत असलं आणि हात स्थिर असला तर लहान गोळीही पुरते. ज्याला ते ज्ञान नाही, त्याला वजनावर भागवावं लागतं. अंगावर येणाऱ्या गव्यासमोर मोठ्या बोअरचा उपयोग होता, हे मी नाकारत नाही. पण मचाणावर बसून खाली हाकलत आणलेल्या वाघावर जी तोफ रोखली जायची, ती सगळी गरजेपोटी होती असं मी मानत नाही. नळीच्या जाडीवरून माणसाची पायरी कळायची. आपल्याकडं पागोट्यावरून, जोड्यावरून कळायची तशी.

*

बंदूक आमच्या हातात का नव्हती? नशिबानं नव्हे. कायद्यानं, आणि कायद्याच्या आधी धर्मानं.

कायद्याचं आधी पाहू. १८७८ हे साल ध्यानात ठेवा. त्या एका सालात इंग्रज सरकारनं तीन कुलपं घातली. पहिलं जंगलाला : १८७८ चा वन कायदा. ज्या रानातनं लोक पिढ्यान् पिढ्या लाकूडफाटा, मध, ससा, घोरपड आणत होते, ते राखीव झालं. दुसरं हत्याराला : १८७८ चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा. आणि या नियमातनं गोऱ्या माणसाला सूट. तिसरं छापखान्याला : देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरचा कायदा, तोही १८७८ चाच. रान, बंदूक आणि छापलेला शब्द. सत्तेला कशाकशाची भीती वाटते याची यादी इतकी सरळ क्वचित सापडते. तिसरं कुलूप चार वर्षांत निघालं. पहिली दोन राहिली.

ही भीती कुठवर गेली होती? मघाशी ज्या .४५० च्या रायफलीचं सांगितलं, तिच्यावर १९०७ च्या सुमाराला हिंदुस्थानात आणि सुदानात बंदी आली. कारण गमतीदार आहे. सरकारच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीही .४५० तोंडाच्याच होत्या. त्यातल्या कितीतरी बंडखोरांच्या हाती गेल्या होत्या. शिकारीच्या नावानं .४५० चा माल देशात आला, तर तो उद्या बंडाला उपयोगी पडेल. म्हणून लंडनच्या बंदूकवाल्यांनी आकडे बदलले. .४६५, .४७०, .४७६ अशा नव्या नळ्या बाजारात आल्या. शिकारीच्या शौकीन मंडळींना हे आकडे पाठ असतात. ते आकडे मुळात आमच्यासारख्यांच्या भीतीनं पडले, हे फारसं कुणी सांगत नाही. पुढं स्वतंत्र देशातही लष्करी मापाच्या नळ्या निषिद्ध बोअर म्हणून सामान्य माणसाला बंदच राहिल्या, आणि सरकारी कारखान्यानं नागरिकांसाठी .३१५ ची वेगळी रायफल काढली.

शस्त्र कायद्याविरुद्ध काँग्रेसनं १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच ठराव केला होता. बरोबर केलं. पण त्या मंडपात बसलेल्यांना परवाना मिळण्याची आशा तरी होती. आमची मागणी निराळी होती. १८९२ नंतर महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला बंदुका चालवल्या, त्यांच्या पोरांना आता फौजेचा दरवाजा बंद. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले. १८९४ साली त्यांनी भरतीसाठी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा अर्ज केला. कुणी शिकारीचा परवाना मागत नव्हतं. आम्हाला माणूस म्हणून, शिपाई म्हणून हात मोकळे करा, एवढंच म्हणणं होतं.

आणि धर्माचं? ते बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मांडून ठेवलंय. हिंदुस्थानात खालच्या थरांनी बंड का केलं नाही, या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं की चातुर्वर्ण्यानं त्यांच्या हातात शस्त्र राहू दिलं नाही, आणि शस्त्र नाही तिथं बंडही नाही. इंग्रजानं १८७८ साली जे सगळ्या देशाला केलं, ते मनूनं आम्हाला कधीच करून ठेवलं होतं. इंग्रजाविरुद्ध ओरडणाऱ्यांनी मनूविरुद्ध तोंड उघडलं नाही.

*

कायद्याचा हा खेळ एका प्रसंगात उघडा पडतो. १९०७, कुमाऊँतलं चंपावत. तिथं एका वाघिणीनं ४३६ माणसं मारल्याची नोंद झाली होती. जिम कॉर्बेट तिला मारायला गेला. त्याच्या हातात .५०० ची दुनळी रायफल. वाघीण ज्या दरीत होती, तिच्यातनं तिला हाकलायला तहसीलदारानं माणसं गोळा केली. किती? कॉर्बेटनं आकडा दिलाय : २९८. तहसीलदारानं गावोगाव सांगून पाठवलं होतं, बिनपरवान्याची हत्यारं आणलीत तरी मी डोळेझाक करीन, वर दारूगोळाही देईन. मग घराघरातनं अशी हत्यारं निघाली की एक संग्रहालय भरलं असतं, असं कॉर्बेट लिहितो.

याचा अर्थ काय? चारशेवर माणसं मरेपर्यंत लोकांकडं हत्यारं होती, पण ती लपवून ठेवावी लागत होती. वाघीण बाया उचलून नेत होती आणि बंदूक छपरात. मोठ्या रायफलीच्या तीन गोळ्या संपल्यावर कॉर्बेटला शेवटी तहसीलदाराची जुनी बंदूक उसनी घ्यावी लागली, हेही त्यानंच प्रामाणिकपणे सांगितलंय. कॉर्बेट त्यातल्या त्यात बरा माणूस. 'माय इंडिया' या १९५२ च्या पुस्तकात त्यानं अस्पृश्य मजुरांवर मायेनं लिहिलंय. म्हणूनच त्याचा दाखला घेतला. बऱ्या माणसाच्या पुस्तकातही २९८ हा आकडाच आहे.

आणि आमच्याकडचे पारधी बघा. त्यांचं नावच पारधीवरून पडलेलं. फासे लावून तितर-लाव्हे, हरण धरणारी ही माणसं. इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला, आणि पारधी जन्मानंच गुन्हेगार ठरले. फाशानं हरण धरलं तर चोरी, रायफलीनं पाडलं तर खेळ. एकाच रानातलं एकच हरण! १९५२ साली तो कायदा गेला, पण पोलीसपाटलाच्या डोक्यातनं गेला का, हे पारध्याच्या पालावर जाऊन विचारा.

*

आता हाका कसा होतो ते सांगतो. हे आजाकडनं ऐकलेलं आहे.

आधी आठवडाभर रानात रेडकू बांधून ठेवायचं. वाघानं ते मारलं की समजायचं, वाघ जवळच झोपणार. पोट भरलेला वाघ लांब जात नाही. मग पाटलाकडं निरोप. पाटलाकडनं म्हारवाड्यात, मांगवाड्यात, धनगरवाड्यावर. पाण्याच्या एका अंगाला झाडावर मचाण. तिथं बंदूक. मचाणापासून दोन्ही बाजूंनी झाडाझाडावर माणसं बसवायची, फाकलेल्या नांगरटीच्या दोन तासांसारखी. वाघ बाजूनं निसटायला लागला की त्यांनी खोडावर काठीनं हळू टकटक करायची. जोरात नाही. जोरात केलं तर वाघ बिथरतो. आणि लांब तिसऱ्या टोकाला हाकेवाल्यांची रांग. हलगी, डबे, आरोळ्या. पाचपाच सातसात हातांवर एकेक माणूस. झाडीतनं पुढं चालायचं.

"भ्या वाटायचं न्हाय?" मी विचारायचा.

"वाटायचं की. पर म्होरं वाघ आन् मागं पाटलाचा मानूस. वाघ तरी कवातरी मागं फिरायचा. आमाला मागं फिराया जागा न्हवती."

वाघ मागं फिरतो, हे सगळ्या शिकारपुस्तकांत आहे. हाका जवळ आला की शहाणं जनावर मचाणाकडं जात नाही, रांग फोडून मागं निघतं. आणि सगळ्यात वाईट वेळ म्हणजे जनावर जखमी झाल्यावर. मोठी गोळी नेमकी बसली तर जनावर जागेवर पडतं. पण पोटात बसली, मांडीत बसली, तर ते झाडीत घुसतं. मग त्याला शोधायचं. साहेब मागं, रायफल रोखून. पुढं रक्ताचा माग काढणारा उघड्या अंगाचा माणूस.

आमच्या धाकट्या आज्याचं असंच झालं. शिकार गव्याची होती. साहेब कोण, कुठला, ते इथं नको. एका साहेबाचा हा लेख नाही. गोळी गव्याच्या खांद्याच्या मागं लागली. गवा कारवीत शिरला. हजार किलोच्या घरातलं जनावर, पण कारवीत शिरलं की दिसत नाही. रांगेला सांगितलं, पुढं चला. धाकटा आजा टोकाला होता. गवा उलटला आणि सरळ त्याच्यावर आला. साहेबानं दुसरा बार काढला, गवा पडला. शिकार झाली. धाकटा आजा चौथ्या दिवशी घरात गेला. वय असेल अठरा-एकोणीस. त्याच्या आईला एक घोंगडं मिळालं आणि गव्याच्या मटणाचा वाटा. गव्याचं शिंगासकट डोकं साहेबाबरोबर गेलं.

त्याचं नाव आमच्या घरात टिकून आहे. माझ्या थोरल्या भावाला तेच नाव ठेवलं.

एक गोष्ट मला फार दिवस खटकत आली. मेलेली गाय ओढायची ती महारानं, आणि ती ओढली म्हणून विटाळ महाराला. मेलेला वाघ बांबूला बांधून चार कोस खांद्यावर आणायचा तोही आम्हीच, कातडं सोलायचं तेही आमच्यातल्याच कुणीतरी. पण वाघापाशी विटाळ नाही. वाघावर पाय ठेवून फोटो. मग ते कातडं मैसुरातल्या व्हॅन इंगेनसारख्या नामांकित कारखान्यात जाणार, डोळ्यांत काचा बसणार, दिवाणखान्यात मांडलं जाणार. म्हणजे विटाळ मढ्यात नव्हताच. तो आमच्यात होता, असं त्यांनी ठरवून टाकलेलं.

*

हा सगळा उद्योग केवढा मोठा होता, त्याचा थोडा हिशोब. १९११ च्या दिल्ली दरबारानंतर पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. थोड्या दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे. सरगुज्याच्या महाराजानं आयुष्यात अकराशेवर वाघ मारल्याचं सांगतात. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ऐंशी हजारांहून जास्त वाघ मारले गेले. प्रत्येक वाघ हाक्यानंच मेला असं नाही. कुणी पाण्यावर बसून मारला, कुणी हत्तीवरनं. पण ज्याला दोन दिवसांची रजा आणि एक वाघ हवा, त्याला हाक्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आता तुम्हीच हिशोब करा, किती माणसांचे किती दिवस त्या रानात गेले असतील. वाघांची मोजदाद झाली. त्या दिवसांची कुणी केली नाही.

आणि हे दिवस कुठल्या खात्यातले? महार वतनाच्या खात्यातले. १८७४ च्या वतन कायद्यानं महार हा सरकारचा वतनदार नोकर. रात्रंदिवस कधीही बोलवा. सामान वाहा, घोड्यापुढं पळा, टपाल पोचवा, सरकारी माणूस शिकारीला आला तर रानात जा. मोबदला म्हणजे तुकडाभर इनाम जमीन आणि घरोघर मागून आणायचं बलुतं. बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारता'त या वतनाची चिरफाड केली आणि १९२८ साली मुंबई कौन्सिलात दुरुस्तीचं बिल आणलं. ते पास झालं नाही.

इथं एका शिकाऱ्याविषयी बोललंच पाहिजे, नाहीतर लेख अर्धा राहील. शाहू महाराज. शिकारीचं त्यांना वेड होतं. चित्ते पाळून शिकार खेळणारा हा राजा. त्याच राजानं १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतन मोडलं आणि जमिनी रयताव्यानं महारांच्या नावावर केल्या. पारध्यांना गुन्हेगार म्हणून हाकललं नाही, नोकरीत घेतलं, पहाऱ्यावर ठेवलं. आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत हा माणूस मुद्दाम शिकार सोडून आला, बाबासाहेबांचं भाषण ऐकायला. तसं त्यांनी त्या व्यासपीठावरूनच सांगितलं, आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला म्हणून जाहीर केलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. शाहू महाराज संत नव्हते, राजे होते. राजाचे शौक त्यांना होते. पण बंदूक खाली ठेवून आपल्या सभेला यायचं असतं, हे त्यांना कळलं. बाकीच्या संस्थानिकांना वाघ मोजण्यातनं सवड मिळाली नाही.

*

आमच्या गावात हाका कसा बंद झाला, ते सांगून आवरतं घेतो.

आज्याचा मेव्हणा मुंबईला गिरणीत होता. तो गावी यायचा तेव्हा 'जनता'चे अंक घेऊन यायचा. कंदिलाच्या उजेडात वाचून दाखवायचा. एका वर्षी पाटलाचा निरोप आला, उद्या हाका आहे, घरटी एक माणूस. चावडीपुढं माणसं जमली. धाकट्या आज्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. आजा पुढं झाला आणि म्हणाला, "पाटील, मजुरी ठरवा. आन् मानूस मेला तर काय देनार ते आदी बोला. न्हायतर आमी येत न्हाय."

एवढंच. काठी उचलली नाही, शिवी दिली नाही. मजुरी ठरवा, म्हणाला. पाटलाला ते वाघापेक्षा भयंकर वाटलं असणार.

त्या दिवशी म्हारवाड्यातनं कुणी गेलं नाही. मांगवाडाही थांबला. हे महत्त्वाचं आहे, विसरू नका. हाका झाला, दुसऱ्या गावची माणसं आणून झाला. वाघ मिळाला की नाही, ते आज्यानं विचारलंही नाही. मग नेहमीचं झालं. बलुतं बंद. दळण बंद. गायरानात ढोरं घातली की दगड. दोन वर्षं आमच्या घरानं काढली, मग आजा मुंबईला गेला, गोदीत हमाली केली. म्हातारपणी परत आला. हरला म्हणा, जिंकला म्हणा. पण त्यानंतर आमच्या वस्तीतनं हाक्याला कुणी गेलं नाही. एकही माणूस नाही.

१९५० साली राज्यघटनेच्या कलम २३ नं वेठबिगार हा गुन्हा ठरवला. ते ज्यांनी लिहिलं, त्यांना वतन म्हणजे काय ते पुस्तकातनं शिकावं लागलं नव्हतं. १९५८ च्या कायद्यानं मुंबई राज्यातली महार वतनं गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा शौक संपला, आणि १९७३ पासून व्याघ्र प्रकल्प सुरू झाले. पहिल्या नऊ प्रकल्पांत आमच्या महाराष्ट्रातलं मेळघाट होतं. वाघ वाचला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. वाघानं आमचं काही वाकडं केलं नाही. तोही आमच्यासारखाच हाकलला गेला. पण वाघासाठी गाव उठवायचं म्हटलं की उठतं ते कुणाचं, आणि उघड्या जीपमधनं वाघ बघायला येतं ते कोण, हेही बघत चला. २००६ चा वनहक्क कायदा कागदावर आहे. तो वाचा. वस्तीत वाचून दाखवा, जसा कुणीतरी 'जनता' वाचून दाखवत होता.

शेवटी एक काम सांगतो. हाक्याला गेलेली माणसं आता राहिली नाहीत. पण त्यांची मुलं, नातवंडं अजून आहेत. प्रत्येक घाटमाथ्यावरच्या, रानालगतच्या गावात जा. विचारा, तुमच्यातलं कोण हाक्याला जायचं? कोण मेलं? काय मिळालं? नावं लिहून घ्या. साहेबांच्या पुस्तकात आकडा आहे, आपल्या वहीत नाव पाहिजे. डाकबंगल्याच्या भिंतीवर कुठं जुना फोटो दिसला तर मधल्या टोपीवाल्याकडं बघू नका. कडेला, अर्धी कापली गेलेली, हातात काठी धरलेली माणसं असतात. ती आपली. त्यांची नावं अजून गावात कुणाला तरी माहीत असतील.

चौथीतल्या त्या पोराला मी आज उत्तर देऊ शकतो. बंदूक साहेबाच्या हातात होती. पण ती उडण्याआधी रानात पाय टाकायचा तो आमच्या माणसांनी. आणि ज्या दिवशी त्या माणसांनी पाय टाकला नाही, त्या दिवशी पाटलाला दुसऱ्या गावाला धावावं लागलं.

माझा आजा हाक्याला जायचा. आणि माझ्या आजानंच हाका बंद केला.

जयभीम.